‘लॉजिस्टिक्स’ आणि हमालाची पाठ

नागपूरहून वर्धा मार्गाने निघाले म्हणजे खापरी आणि मिहानचा परिसर मागे टाकल्यावर बुटीबोरी लागते. येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ हैदराबादच्या दिशेने सरळ जातो आणि वर्धा-यवतमाळकडे जाणारा रस्ता त्याला फुटतो; जवळूनच मुंबईकडे जाणारा लोहमार्ग गेला आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पंचतारांकित वसाहत येथे वसली ती या दळणवळणाच्या बळावर. एका पिढीपूर्वी या रस्त्याच्या कडेला ‘ट्रान्सपोर्ट’, ‘रोडलाइन्स’, ‘गोदाम’, ‘धर्मकाटा’ अशा पाट्या दिसत. आता त्यांची जागा ‘लॉजिस्टिक्स’ या एका शब्दाने घेतली आहे. दोन ट्रक बाळगणारा मालकही आज लॉजिस्टिक्सवाला झाला आहे. ट्रक तोच, रात्रभर जागून तो हाकणारा चालक तोच, आणि पहाटे फाळका पडल्यावर पोते पाठीवर घेणारा माणूसही तोच आहे. नागपुरी हिंदीत पोत्याला बोरी म्हणतात. गावाच्या नावाशी त्याचा संबंध नसेलही, पण योगायोग बोलका आहे खरा.

पाटी बदलली एवढ्यावरून अग्रलेखी संताप व्यक्त करण्याचे कारण काय, असे कार्यकर्त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. इंग्रजी शब्द मराठीत पूर्वीही आले आणि पचलेही. स्टेशन, तिकीट, मोटार यांनी कोणाचे काही बिघडविले नाही. परंतु काही शब्द वस्तूबरोबर येतात आणि काही शब्द हिशेबाबरोबर येतात. दुसऱ्या प्रकारचा शब्द आला की कोण दिसावे आणि कोण दिसू नये, याची मांडणीच बदलते. ‘लॉजिस्टिक्स’ हा या दुसऱ्या जातीचा शब्द आहे, म्हणून त्याची झडती घेतली पाहिजे.

शब्दाचा जन्म लष्करी छावणीतला आहे. नेपोलियनच्या सेनेत सेनानी असलेल्या जोमिनी या मूळच्या स्विस लेखकाने १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात तो रूढ केला. सैन्याचा मुक्काम, कूच, दाणागोटा यांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या फ्रेंच पदनामाशी त्याने या शब्दाचे नाते जोडले. गणिताशी संबंधित असलेल्या एका ग्रीक शब्दाशीही त्याचे साम्य आहे. म्हणजे मुक्काम आणि हिशेब या दोन कल्पना या शब्दात प्रथमपासूनच आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तो छावणीतून कारखान्यात आला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस व्यवस्थापनशास्त्राचे पदवीधर त्याला आपल्याकडे घेऊन आले.

मराठीला ही कल्पना अपरिचित होती असे मात्र मुळीच नाही. ‘रसद’ हा शब्द मराठ्यांच्या इतिहासात पानोपानी भेटतो. पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, पण तिचा निकाल बराचसा आधीच लागून चुकला होता. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, भाऊसाहेबांची रसद तुटली आणि उपाशी फौज रणात उतरली. त्या काळी फौजांना धान्य पुरविण्याचे काम बंजारांचे तांडे करीत; हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते दख्खन ते हिंदुस्थान असा प्रवास करीत. रेल्वे आली, तांडे बसले आणि इंग्रज राजवटीने १८७१ च्या कायद्यान्वये ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचा उद्योग आरंभिला, त्या फेऱ्यात अनेक ठिकाणचे बंजारेही सापडले. माल वाहणाऱ्यांचे साधन एकदा कालबाह्य ठरले की माणसेही कालबाह्य ठरविली जातात, याचा हा आपल्याच भूमीवरील दाखला होय.

इंग्रजीला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु मराठीचा व्यवहारही या बाबतीत स्वच्छ नाही. आपले ‘वाहणे’ हे क्रियापद किती श्रीमंत आहे! नदी वाहते, फुले वाहिली जातात, काळजी वाहिली जाते, संसाराची धुरा वाहिली जाते. पण तेच क्रियापद पोत्याला लागले की त्याची प्रतिष्ठा जाते. ‘नुसती हमाली केली’ म्हणजे बुद्धी न लावता काम केले. ‘पाट्या टाकल्या’ म्हणजे मन न लावता काम केले. ‘भारवाही’ म्हणजे अर्थ न कळता ज्ञानाचे ओझे बाळगणारा. डोक्यावर माती-खडीची पाटी घेऊन दिवसभर चालणारी बाई मन न लावता काम करते, हे कोणी पाहिले होते? हे वाक्प्रचार ज्यांनी कधी पाटी उचलली नाही अशा वर्गाने घडविले आणि ज्यांनी उचलली त्यांच्या मुलांना शाळेत शिकविले. ‘वेठबिगार’ या शब्दाचाही मूळ संदर्भ बव्हंशी ओझ्याचाच आहे. सरकारी अंमलदाराचे सामान एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचविणे हे महार वतनातील हक्काच्या नावाखालचे बंधन होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हा प्रश्न होता. ओझे कोणी वाहायचे हे या देशात बाजारापूर्वी जातीने ठरविले होते. आजही बुटीबोरीच्या नाक्यावर कामाच्या शोधात उभी असणारी माणसे विचारली, तर त्यांत भूमिहीनांची, दलित-आदिवासींची आणि छत्तीसगड, मध्य प्रदेश, बिहारकडून आलेल्यांची गर्दी अधिक असते. हे काही शब्दांमुळे घडलेले नाही.

या पार्श्वभूमीवर १९६९ साल महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी महाराष्ट्राने जो कायदा केला त्याच्या नावातच ‘माथाडी’ आणि ‘हमाल’ हे दोन शब्द आहेत. इंग्रजी मसुद्याच्या शीर्षकातही ते तसेच ठेवावे लागले, कारण इंग्रजीत त्यांना नेमका प्रतिशब्द नव्हता. ‘हमाल’ अरबीतून आला, ‘माथाडी’ माथ्यावरून; पण दोहोंच्या मागे शरीर आहे, माणूस आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी केलेल्या संघटनेचे आणि लढ्याचे ते फळ होते. पुण्यात बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने त्याच काळात भुसार बाजारातील हमालांना संघटित केले. राज्यकर्त्यांच्या भाषेत श्रमिकांचा शब्द घुसविणे हे किती अवघड असते, हे ज्यांनी डॉ. लोहियांचे भाषाविषयक विचार वाचले आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको. येथे तो घुसला.

या कायद्याच्या अनुसूचीची भाषा तर मुद्दाम वाचण्याजोगी आहे. माल चढविणे, उतरविणे, थप्पी लावणे, वाहून नेणे, तोलणे, मोजणे, भरणे, शिवणे, निवडणे, साफ करणे अशी कामे तेथे एकामागून एक सांगितली आहेत. दहा क्रियापदे आहेत आणि प्रत्येकामागे एक हात आहे. ज्याने हा मसुदा केला त्याने बहुधा बाजारात उभे राहून काम पाहिले असावे.

आणि नुसती नावे घेऊन कायदा थांबला नाही. हमालाचा मालक कोण, हा जुना प्रश्न होता. व्यापारी म्हणे तो माझा नोकर नव्हे, ट्रकवाला म्हणे माझा नव्हे, अडत्या हात झटकून मोकळा. कायद्याने या वादाला बगल दिली. कामगार, मालक आणि शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन करावयाचे. ज्याचे काम झाले त्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरावयाची. मंडळाने हमालाला मजुरी द्यावयाची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा, औषधोपचार यांची तरतूद करावयाची. ही लेव्ही साधारणतः मजुरीच्या तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असते. एका मालकाशी बांधलेला नसलेला, दिवसात पाच ठिकाणी पोती उचलणारा माणूस वृद्धापकाळी निवृत्त होऊ शकतो, ही कल्पना त्या काळी जगात फारशी कोठे अमलात आलेली नव्हती. आज ज्यांना ‘गिग’ कामगार म्हणतात त्यांच्यासाठी जी सोय शोधली जात आहे, ती महाराष्ट्राने अर्धशतकापूर्वी शोधून ठेवली होती.

आता दुसरीकडे पाहू. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने लॉजिस्टिक्स क्षेत्राला पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. स्वस्त व दीर्घ मुदतीच्या कर्जाचा मार्ग त्यामुळे खुला झाला. त्याच वर्षी जुलैत वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची गरज उरली नाही आणि देशाच्या मध्यावरील नागपूरला भाव आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये गतिशक्ती योजना, सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण, २०२४ मध्ये महाराष्ट्राचे स्वतःचे धोरण आणि त्यात नागपूर-वर्धा परिसरासाठी राष्ट्रीय पातळीच्या महाकेंद्राची घोषणा, असा हा क्रम आहे. बुटीबोरीच्या पुढे वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वे येथे ‘ड्राय पोर्ट’ आले. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या विदर्भाला कोरडे का होईना, पण बंदर मिळाले, असा विनोद त्यावर होऊ शकतो. दरम्यान समृद्धी महामार्गही जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. या सोयी वाईट आहेत असे कोणीही समाजवादी म्हणणार नाही. रस्ता लागतोच. प्रश्न रस्त्याच्या हिशेबाचा आहे.

या हिशेबाचा पाया कसा आहे तो पाहण्यासारखा आहे. अनेक वर्षे सरकारी भाषणांतून सांगितले जात होते की, भारतात लॉजिस्टिक्सचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तेरा-चौदा टक्के आहे आणि प्रगत देशांत तो आठ-नऊ टक्केच आहे, म्हणून तो खाली आणणे हे राष्ट्रीय कर्तव्य होय. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने सरकारसाठीच केलेला अंदाज बाहेर आला. त्यानुसार २०२१-२२ साली हा खर्च ७.८ ते ८.९ टक्के होता. म्हणजे जे गाठावयाचे होते तेथे देश बहुतांशी पोहोचलेलाच होता! ज्या आकड्याच्या धाकाने धोरणे आखली गेली, तो आकडा पक्क्या मोजणीवर उभा नव्हता. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असा आकडा वापरला असता तर परीक्षकाने समासात प्रश्नचिन्ह काढले असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते. डिझेल वाया जाणे, ट्रक नाक्यावर तासन् तास उभा राहणे, धान्य भिजणे हा खर्च कमी झाला तर सर्वांचाच लाभ आहे. पण हमाली आणि चालकाचा पगार हाही त्याच ‘लॉजिस्टिक्स खर्चा’त धरला जातो, आणि एकदा सर्व खर्च एका शब्दाच्या पोटात गेला की डिझेल वाचविणे आणि मजुरी वाचविणे यांत फरक राहत नाही. जागतिक बँकेचा लॉजिस्टिक्स कामगिरी निर्देशांक घ्या. २०२३ साली भारत त्यात ३८ व्या क्रमांकावर होता आणि २०३० पर्यंत पहिल्या पंचविसांत जाण्याचा संकल्प आहे. सीमाशुल्क, पायाभूत सोयी, आंतरराष्ट्रीय पाठवणी, सेवेची गुणवत्ता, मालाचा माग आणि वक्तशीरपणा हे या निर्देशांकाचे सहा निकष. मालाचा माग आहे, माल उचलणाऱ्याचा नाही. पेटी कोठे आहे हे पडद्यावर क्षणोक्षणी कळते. ती उचलताना ज्याच्या मणक्याला इजा झाली तो कोठे आहे हे कोणत्याही पडद्यावर दिसत नाही.

मार्क्सने ‘भांडवल’च्या दुसऱ्या खंडात वाहतुकीला व्यापारी खर्चापासून मुद्दाम वेगळे काढले आहे. खरेदी-विक्रीचा खटाटोप मूल्य निर्माण करीत नाही, पण माल एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे हा उत्पादनाचाच पुढचा टप्पा आहे आणि तेथे राबणारा श्रमिक मूल्य निर्माण करतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. यवतमाळच्या शेतातला कापूस गिरणीत पोहोचला नाही तर त्याचा उपयोग कोणाला? हे सत्य हमालाला कोणी शिकवावे लागत नाही. व्यवस्थापनशास्त्राला मात्र तो ‘उत्पादक’ वाटत नाही, तो ‘हॅंडलिंग’च्या रकान्यात जातो.

बुटीबोरीत हे प्रत्यक्ष कसे घडते? कारखाना मालाची ने-आण एका लॉजिस्टिक्स कंपनीकडे सोपवितो. ती कंपनी गोदामाचे काम दुसऱ्या ठेकेदाराला देते, तो माणसे पुरविणाऱ्या तिसऱ्याला, आणि तो नाक्यावरच्या मुकादमाला. चार हात बदलून मजुरी खाली येते तेव्हा तिच्यावर लेव्ही भरावयास कोणी शिल्लक नसते. हमाल म्हणून नोंद होऊ नये यासाठी कामाचे नावही बदलते: पॅकर, पिकर, लोडर, असोसिएट. ‘असोसिएट’ म्हणजे भागीदार-सहकारी! नफ्यात नव्हे, घामात. गोदामाला ‘वेअरहाऊस’ म्हणावयाचे, हाही त्यातलाच प्रकार. वास्तविक ‘गोडाउन’ हा शब्द इंग्रजांनीच पूर्वेकडून उचलला होता, तो आपलाच शब्द आज आपल्याला गावंढळ वाटू लागला आहे.

यंत्राविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण आपल्याच काही मित्रांचा गोंधळ होतो. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन याने एका जहाजावरून ५८ पेट्या पाठविल्या आणि कंटेनरचे युग सुरू झाले. जगभरच्या गोद्यांतील लाखो हमालांचे काम त्याने नष्ट केले. पण क्विंटलभराचे पोते पाठीवर घेणे ही काही जपून ठेवावयाची संस्कृती नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने ५५ किलोहून अधिक ओझे नित्य उचलू नये अशी शिफारस केली. पोते ५० किलोचे असावे यासाठी हमाल पंचायतीला आपल्याकडे वर्षानुवर्षे झगडावे लागले. फोर्कलिफ्ट आली तर हमालाची पाठ वाचते, तिचे स्वागत आहे. प्रश्न इतकाच की, वाचलेला खर्च कोणाच्या खिशात जातो आणि ज्याची पाठ वाचली त्याला ती फोर्कलिफ्ट चालविण्याचे शिक्षण देऊन कामावर ठेवले जाते की नाक्यावर परत पाठविले जाते. शिवाय यंत्र आले तरी पॅलेटवर खोके रचणारा, कंटेनरच्या आतल्या उकाड्यात माल सारणारा माणूस लागतोच; मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांवर जाते तेव्हा पत्र्याच्या पेटीत काय होत असेल याची कल्पना धोरण आखणाऱ्यांनी एकदा आत उभे राहून घ्यावी.

२०२३ साली माथाडी कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक विधिमंडळात आले आणि संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. अंगमेहनतीचे काम कोणते आणि असंरक्षित कामगार कोण, या व्याख्या त्या वादाच्या केंद्रस्थानी होत्या. ज्या कामाला यंत्राचा स्पर्श झाला ते अंगमेहनतीचे नव्हेच, असा अर्थ एकदा लावला गेला की बुटीबोरीच्या नव्या गोदामांपैकी एकही कायद्याच्या कक्षेत राहणार नाही. दुरुस्तीचे समर्थक खोट्या माथाडींचा दाखला देतात, आणि प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे की तो दाखला खोटा नाही. पोत्याला हात न लावता वाराईच्या नावाखाली ट्रकवाल्यांकडून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत, मंडळाचे नोंदणी-बिल्ले विकणारे पुढारी आहेत, आणि त्यांपैकी काहींनी खांद्यावर लाल वा अन्य रंगाचा रुमाल टाकलेला असतो. या मंडळींनी भांडवलदारांना आयते हत्यार दिले. त्यांना पाठीशी घालणे हे चळवळीचे काम नव्हे. पण खंडणी हा फौजदारी गुन्हा आहे, त्यासाठी पोलीस आहेत; एका खंडणीखोराच्या पापासाठी हजारो हमालांची लेव्ही बुडविण्याचे कारण नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. माथाडी कायदा राज्याचा असल्याने तो त्यामुळे रद्द झालेला नाही, हे कार्यकर्त्यांनी नाक्यावर जाऊन सांगणे आवश्यक आहे. तो गेला अशी अफवा पसरविण्यात अनेकांचे हित आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगारांची नावे प्रथमच आली, हे पुढचे पाऊल जरूर आहे. परंतु त्यांच्या निधीसाठी कंपन्यांनी द्यावयाची रक्कम उलाढालीच्या एक ते दोन टक्के, आणि तीही कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत ठेवली आहे. मोटारसायकलवर पाठीला चौकोनी पेटी लावून धावणारा तरुण हा हमालच आहे, पेटीला पट्टे आले इतकेच. १९६९ च्या हमालाच्या वाट्याला मजुरीवर तीस-चाळीस टक्के आणि २०२५ च्या हमालाच्या वाट्याला अधिकात अधिक पाच, हे या मधल्या काळातील प्रगतीचे गणित आहे.

विदर्भाने एक लॉजिस्टिक्स क्रांती याआधी पाहिली आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि १८६७ साली रेल्वे नागपुरास येऊन पोहोचली. हिंगणघाट-वर्ध्याचा कापूस बंडीतून उतरून वाघिणीत चढला आणि मुंबईमार्गे विलायतेस गेला. वाहतूक विलक्षण स्वस्त आणि जलद झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्याच रुळांवरून धान्य धावत होते, पण ते भूक असेल तेथे जाण्याऐवजी भाव असेल तेथे गेले. नव्या महाकेंद्रातून विदर्भाचा शेतकरी आपला माल बाहेर पाठविणार आहे, की बाहेरचा तयार माल विदर्भात आणि विदर्भामार्गे वाटला जाणार आहे, हे अजून ठरावयाचे आहे. शीतगृह संत्र्यासाठी बांधले जाते की आइस्क्रीमसाठी, यावरून ते ओळखता येईल.

नागपूर-वर्धा केंद्रासाठी जमीन, करसवलत, वीजदर यांच्या वाटाघाटी होतील तेव्हा पक्षाच्या जिल्हा शाखांनी काही गोष्टी लेखी मागाव्यात. सवलत घेणाऱ्या प्रत्येक गोदामाची माथाडी मंडळात नोंदणी ही सवलतीची पूर्वअट असावी. ठेकेदारांची साखळी कितीही लांब असो, लेव्हीची अंतिम जबाबदारी ज्याचा माल आहे त्याच्यावर असावी. ट्रकतळावर चालकांसाठी आणि गोदामात हमालांसाठी सावली, पाणी, शौचालय व विश्रांतीची जागा नकाशातच दाखवावी, मागाहून पत्रा ठोकून नव्हे. बुटीबोरीत मंडळाच्या नोंदणीची सोय असावी, म्हणजे हमालाला एका कागदासाठी दिवसाची मजुरी बुडवून नागपूरला जावे लागणार नाही. आणि केंद्राच्या करारपत्रात, मराठी आणि इंग्रजी दोन्ही मसुद्यांत, ‘लॉजिस्टिक्स मनुष्यबळ’ या शब्दाच्या जागी १९६९ च्या अनुसूचीतली ती दहा क्रियापदे एकेक करून लिहून घ्यावीत.